प्रवाळांना हवी आहे उसंत

मुंबईच्या किनारी रस्त्याचं काम सुरू असताना, नोव्हेंबर २०२० मध्ये, वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरून प्रवाळांच्या १८ वसाहती सोडवून कुलाब्याला नेव्हीनगरच्या किनाऱ्यावर नेण्यात आल्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने हे काम केलं. त्यासाठी वन विभागाची रीतसर परवानगी घ्यावी लागली, कारण कायद्याने हे जीव वाघाच्याच अनुसूचीत आहेत. मुंबईच्या गढूळ पाण्यात प्रवाळ जगतात, हे बहुतेक मुंबईकरांना या बातमीतूनच पहिल्यांदा कळलं.

चार दिवसांत बातमी विरली. तिच्यामागचा प्रश्न मात्र मोठा आहे. प्रवाळ उचलून दुसरीकडे नेले, तुकडे काँक्रीटवर रुजवले, किंवा अभयारण्याची पाटी लावली, की ते वाचले असं धरून चालायचं का? गेल्या पाव शतकात ऑस्ट्रेलियापासून लक्षद्वीपपर्यंत या प्रश्नाचं उत्तर शोधलं गेलं आहे. ते सोपं नाही, पण बरंच स्पष्ट आहे.

प्राणी, शेवाळ आणि दगड

प्रवाळ हा प्राणी आहे, जेलीफिशच्या दूरच्या नात्यातला. त्याच्या एकेका जीवाला पॉलिप म्हणतात. तो बहुधा काही मिलिमीटरचाच असतो: मऊ शरीर, वरच्या टोकाला तोंड आणि तोंडाभोवती शुंडकांचं कडं. समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन तो स्वतःखाली चुनखडीचा सांगाडा घडवतो. हजारो पॉलिप एकमेकांना जोडलेले राहतात, ती झाली वसाहत. अशा वसाहतींचे सांगाडे एकावर एक साचत हजारो वर्षांत प्रवाळभित्ती उभी राहते. भरीव, गोलाकार प्रजाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. फांद्यांच्या काही प्रजाती वर्षाला दहा सेंटिमीटरही वाढतात, पण वादळात मोडतातही लवकर.

अंगठीत घालतात ते लाल पोवळं मात्र भित्ती बांधणाऱ्या प्रवाळाचं नसतं. ते प्रामुख्याने भूमध्य समुद्रात वाढणाऱ्या वेगळ्या जातीच्या प्रवाळाचं असतं. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शेवाळ राहतं, लाल पोवळ्यात ते नसतं.

सगळी मेख या शेवाळात आहे. पॉलिपच्या घरात राहणारा हा भाडेकरू भाड्यापोटी रोजचा डबा पुरवतो. सूर्यप्रकाशात तयार केलेल्या अन्नातला मोठा वाटा तो यजमानाला देतो. काही प्रवाळांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा या शेवाळाकडून येते. बदल्यात त्याला आसरा मिळतो आणि पॉलिपच्या शरीरातून बाहेर पडणारी नायट्रोजनयुक्त द्रव्यं मिळतात. उष्ण कटिबंधातल्या निळ्याशार, नितळ पाण्यात पोषणद्रव्यं फार कमी असतात. तिथे इतकी गजबजलेली जीवसृष्टी उभी राहते, ती या भागीदारीच्या जोरावर. प्रवाळाचे रंगही बरेचसे या शेवाळाचेच असतात.

समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेवर प्रवाळभित्ती आहेत. तरी समुद्रातल्या ज्ञात प्रजातींपैकी सुमारे चतुर्थांश प्रजाती आयुष्याच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर त्यांच्या आधाराने जगतात. किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा भित्ती अडवते, असं जगभरच्या मोजमापांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं आहे. मासे, पर्यटन आणि किनाऱ्याचं रक्षण मिळून सुमारे ५० कोटी लोकांचं जगणं या भित्तींशी जोडलेलं आहे.

लक्षद्वीपसारख्या ठिकाणी तर पायाखालची जमीनच प्रवाळांनी दिलेली आहे. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडलं होतं, की कंकणाकृती प्रवाळद्वीप म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखीची खूण असते. डोंगर हळूहळू खचत जातो, त्याच्या काठाची भित्ती मात्र प्रकाशाच्या दिशेने वाढत राहते आणि शेवटी पाण्यावर फक्त कडं उरतं. पॅसिफिकमधल्या एनिवेटोक द्वीपावर १९५२ मध्ये खोल छिद्र पाडलं, तेव्हा बाराशे मीटरहून जास्त चुनखडीखाली ज्वालामुखीचा खडक लागला आणि डार्विनचं म्हणणं खरं ठरलं. लक्षद्वीपच्या पोटातही असाच कातळ आहे. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्तबिंदूतून दख्खनचा काळा पाषाण उसळला, त्याच तप्तबिंदूची पुढची वाट म्हणजे लक्षद्वीप आणि मालदीवची रांग, असं भूशास्त्रज्ञ मानतात. त्या बेटांवरची पांढरी वाळूही भित्तीवरच्या जीवांच्या सांगाड्यांचाच चुरा आहे. भित्तीची वाढ थांबली आणि झीज चालू राहिली, तर बेटाचा पुरवठाच बंद होतो.

एका अंशाचा फरक

प्रवाळ आपापल्या ठिकाणच्या उन्हाळ्याला सरावलेले असतात. त्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि ते काही आठवडे तसंच राहिलं, की भागीदारी बिघडते. अति उष्णता आणि प्रखर प्रकाशात शेवाळाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा कोलमडते. त्यातून ऑक्सिजनची विषारी रूपं तयार होऊ लागतात आणि पॉलिप शेवाळाला बाहेर टाकतो. शेवाळ गेलं की पारदर्शक मांसातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग किंवा विरंजन म्हणतात.

पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर शेवाळ परत येतं आणि प्रवाळ सावरतो, जरी पुढे काही काळ त्याची वाढ आणि प्रजनन मंदावतं. पाणी तापलेलंच राहिलं तर तो मरतो आणि थोड्याच दिवसांत त्या सांगाड्यावर तंतुमय शेवाळाची दाट लव चढते.

अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेचा ‘कोरल रीफ वॉच’ विभाग उपग्रहांच्या आधारे या उष्णतेचा हिशोब ठेवतो. मागच्या बारा आठवड्यांत पाणी नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा किमान एका अंशाने किती आठवडे वर राहिलं आणि किती अंशांनी, याची बेरीज करतात. दोन अंशांची वाढ दोन आठवडे टिकली तर आकडा चार होतो. चारला ब्लीचिंगची शक्यता धरतात, आठला मोठ्या प्रमाणावर प्रवाळ मरण्याची. २०२३ च्या उन्हाळ्यात अटलांटिकमध्ये हा आकडा इतका वर गेला, की या विभागाला आपली मोजपट्टीच वाढवून धोक्याच्या वरच्या पायऱ्या नव्याने आखाव्या लागल्या. सगळ्यात वरची पायरी वीस आणि त्यापुढच्या आकड्यासाठी आहे. तिथे ऐंशी टक्क्यांहून जास्त प्रवाळ मरण्याची भीती असते.

जगभर एकाच सुमारास ब्लीचिंग होण्याचे चार प्रसंग आतापर्यंत नोंदले गेले आहेत. १९९८ मध्ये जगातल्या २१ टक्के प्रवाळक्षेत्राने ब्लीचिंग होण्याइतकी उष्णता सोसली, २०१० मध्ये ३७ टक्क्यांनी, २०१४ ते २०१७ या काळात ६८ टक्क्यांनी. जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला चौथा प्रसंग एप्रिल २०२४ मध्ये अधिकृतपणे जाहीर झाला आणि २०२५ च्या वसंतापर्यंत ८४ टक्के क्षेत्र त्याच्या तडाख्यात आलं होतं. पहिल्या आणि दुसऱ्या प्रसंगात बारा वर्षं होती, दुसऱ्या आणि तिसऱ्यात जेमतेम चार. आकड्यांच्या वाढीइतकीच ही घटलेली अंतरंही महत्त्वाची आहेत.

उष्णतेच्या जोडीला आम्लताही वाढते आहे. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चतुर्थांश भाग समुद्र शोषून घेतो. औद्योगिक युगाच्या आरंभापासून पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू साधारण ०.१ ने घसरला आहे. हा फरक दिसायला लहान, पण त्याचा अर्थ हायड्रोजन आयनांत सुमारे ३० टक्क्यांची वाढ. अशा पाण्यात कार्बोनेट कमी मिळतं आणि सांगाडा बांधायला जास्त ऊर्जा खर्चावी लागते. उष्णता एका उन्हाळ्यात मारते. आम्लता मारत नाही, पण सावरण्याचा वेग कमी करते.

ग्रेट बॅरिअर रीफचा धडा

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याला समांतर सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेल्या या रांगेत तीन हजारांच्या आसपास वेगवेगळ्या भित्ती आहेत. तिच्या रक्षणासाठी १९७५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, १९८१ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली आणि २००४ मध्ये तिच्या एक तृतीयांश भागात मासेमारी पूर्ण बंद झाली. पैसा, शास्त्रज्ञ आणि कायदा या तिन्ही बाबतींत इतकं पाठबळ जगातल्या दुसऱ्या कुठल्याही प्रवाळक्षेत्राच्या वाट्याला आलेलं नाही.

तिथे आधीचे शत्रू वेगळे होते. १९८५ ते २०१२ या काळात तिथलं जिवंत प्रवाळ जवळपास निम्म्यावर आलं. त्या घटीचा हिशोब शास्त्रज्ञांनी मांडला, तेव्हा ४८ टक्के वाटा वादळांचा, ४२ टक्के प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशाचा आणि फक्त १० टक्के ब्लीचिंगचा निघाला. हा तारामासा प्रवाळावर बसतो, पोट बाहेर काढून मऊ भाग पचवतो आणि पांढरा सांगाडा मागे ठेवून पुढे सरकतो. शेतांतली खतं पावसाबरोबर समुद्रात गेली की सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांच्यावर पोसणारी तारामाशाची पिल्लं जास्त जगतात, असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे. म्हणून तिथे एकीकडे उसाच्या शेतकऱ्यांबरोबर खतं कमी करण्याचं काम चालतं आणि दुसरीकडे पाणबुडे एकेका तारामाशाला पित्तक्षार किंवा व्हिनेगरचं इंजेक्शन देत फिरतात.

मग २०१६ चा उन्हाळा आला. काही महिन्यांत पूर्ण रांगेतले सुमारे ३० टक्के प्रवाळ मेले. सर्वांत जास्त हानी उत्तर टोकाला झाली, जिथे माणसांची वर्दळ सर्वांत कमी आणि पाणी सर्वांत स्वच्छ होतं. टेरी ह्यूज आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात निष्कर्ष निघाला, की मासेमारीवरची बंदी किंवा पाण्याची शुद्धता यांचा त्या उष्णतेपुढे जवळजवळ काहीच उपयोग झाला नाही. त्यानंतर २०१७, २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५ मध्ये तिथे पुन्हा मोठं ब्लीचिंग झालं. यावरून एक गोष्ट ठरते: स्थानिक संरक्षण उष्णतेला अडवत नाही. मग त्याचा उपयोग काय, याचं उत्तर भारताच्या पाण्यात मिळतं.

मन्नार: हाताने मोडलेलं, हाताने सावरलेलं

भारतात प्रवाळांची चार मोठी क्षेत्रं आहेत: कच्छचं आखात, मन्नारचं आखात आणि पाल्कचा उपसागर, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार. यांपैकी माणसाच्या हातून सर्वांत जास्त मोडतोड झाली ती मन्नारमध्ये. रामेश्वरम ते तुतिकोरिन या पट्ट्यात इथे २१ लहान बेटं होती. चुन्यासाठी, बांधकामासाठी आणि कॅल्शियम कार्बाइडच्या कारखान्यांसाठी दशकानुदशकं पहारींनी प्रवाळ फोडून बोटी भरून नेले गेले. १९८६ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, तरी हे चालूच राहिलं. आसरा देणारी भित्ती गेल्यावर लाटांनी बेटं झिजवली आणि त्यांतली दोन बेटं पाण्याखाली गेली.

पुढे दोन गोष्टी घडल्या. २००१ मध्ये भित्ती बांधणाऱ्या सगळ्या प्रवाळांचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने भित्ती असण्या-नसण्याचा फरक किनाऱ्यावरच्या लोकांना डोळ्यांनी दाखवला. २००५ च्या सुमारास उत्खनन थांबलं आणि परिणाम लवकर दिसला. तुतिकोरिनच्या सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार जिवंत प्रवाळाचं आच्छादन २००५ मध्ये सुमारे ३७ टक्के होतं, ते २००९ पर्यंत सुमारे ४३ टक्क्यांवर गेलं. झिजत चाललेल्या वान बेटासमोर तमिळनाडू सरकारने सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे समुद्रात उतरवून कृत्रिम भित्ती उभारली.

पण नवे धोकेही येत राहिले. कॅरागीनन या खाद्यपदार्थांत वापरल्या जाणाऱ्या द्रव्यासाठी कप्पाफायकस नावाचं परदेशी समुद्रशेवाळ नव्वदच्या दशकात लागवडीला आणलं गेलं. २००८ मध्ये ते कुरुसडै बेटाजवळ जिवंत प्रवाळांवर चढून त्यांना गुदमरवताना आढळलं. तेव्हापासून ते हाताने खरवडून काढण्याचं काम करावं लागतं आहे. रोजगार देणारी चांगली योजनाही चुकीच्या जागी रुजली की काय होतं, याचा हा नमुना. २०१० आणि २०१६ च्या उष्णतेने तर आधीची कमाई पुसून टाकली. २०१६ नंतर आच्छादन सुमारे २३ टक्क्यांवर आलं.

हाताने केलेली मोडतोड हात आवरल्यावर भरून येते, हे मन्नारने दाखवलं. आणि भरून यायला लागणारा काळ आता उष्णता देत नाही, हेही त्यानेच दाखवलं.

लक्षद्वीप: सहा वर्षांचं गणित

लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी दहांवर वस्ती आहे. इथल्या मच्छीमारांचा मुख्य व्यवसाय टुना पकडण्याचा. काठी आणि गळाने, एकेक मासा खेचून ही मासेमारी होते, तीही भित्तीपासून दूर खुल्या समुद्रात. त्यामुळे भित्तीवरच्या माशांवर बराच काळ फारसा ताण नव्हता. याचा फायदा १९९८ च्या मोठ्या पडझडीनंतर दिसला. मेलेल्या सांगाड्यांवरची शेवाळाची लव पोपटमाशांसारख्या शाकाहारी माशांनी चरून साफ ठेवली. प्रवाळाच्या पोहणाऱ्या अळ्यांना चिकटायला स्वच्छ, टणक जागा लागते. ती मिळाली आणि काही वर्षांत बऱ्याच ठिकाणी प्रवाळ पुन्हा उगवले.

स्थानिक संरक्षणाचं काम हेच आहे. ते प्रवाळाला उन्हाळ्यातून वाचवत नाही, उन्हाळा सरल्यावर उठून उभं राहायला मदत करतं. भित्तीवरचे चरणारे मासे शाबूत असतील, पाण्यात गाळ आणि सांडपाणी नसेल, वर नांगर पडत नसतील, तर सावरणं शक्य होतं.

निसर्ग संवर्धनासाठी काम करणाऱ्या म्हैसूरच्या ‘नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन’चे संशोधक १९९८ पासून इथल्या भित्ती मोजत आले आहेत. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या तीन द्वीपांवर २४ वर्षांत जिवंत प्रवाळाचं आच्छादन ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं, असं त्यांच्या नोंदी सांगतात. १९९८, २०१० आणि २०१६ या तीन प्रसंगांत मरणाऱ्या प्रवाळांचं प्रमाण दर खेपेला कमी होत गेलं, कारण नाजूक प्रजाती आधीच गेल्या होत्या आणि चिवट तेवढ्या उरल्या. पण सावरण्याचा वेगही दर खेपेला घटला. त्यांच्या हिशोबात ब्लीचिंगनंतर साधारण सहा वर्षं शांततेत गेली, तरच वाढीला खरा जोर येतो. २०१६ नंतर काही वर्षं गेली आणि २०२४ मध्ये लक्षद्वीपचं पाणी पुन्हा तापलं. त्यातच गेल्या काही वर्षांत बाहेरच्या बाजारासाठी भित्तीवरचे मासे पकडणंही वाढलं आहे, म्हणजे चरणारे मासेही कमी होऊ लागले आहेत. उसंत आणि ती कामी लावणारे मासे, दोन्ही एकाच वेळी हातातून निसटण्याचा धोका आहे.

प्रवाळांची लावणी

मग प्रवाळ आपणच का लावू नयेत? हे जगभर चाललं आहे. प्रवाळाचा तुकडा योग्य जागी बांधला तर रुजतो, कारण बऱ्याच जातींत तुटलेल्या फांदीतून नवी वसाहत वाढते. कच्छच्या आखातात मिठापूरजवळ जानेवारी २०२० मध्ये लोखंडी सांगाडा पाण्यात उतरवून त्यातून अगदी कमी दाबाची वीज सोडण्यात आली. विजेमुळे पाण्यातले खनिज क्षार लोखंडावर साचतात आणि त्यावर बांधलेले प्रवाळाचे तुकडे लवकर पकड घेतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था आणि गुजरातचं वन खातं यांचा हा प्रयोग होता. मन्नारमध्ये काँक्रीटच्या चौकटींवर तुकडे लावण्याचं काम अनेक वर्षं चाललं आहे आणि सिंधुदुर्गच्या पाण्यातही तसा प्रयोग झाला आहे.

इंडोनेशियात सुलावेसीजवळ सुरुंगांनी मासे मारण्याच्या पद्धतीने भित्तीचा चुरा झाला होता. सुट्ट्या चुऱ्यावर अळ्या टिकत नाहीत, लाटेसरशी तुकडे उलटतात. तिथे वाळू चोपडलेल्या लोखंडी चौकटी एकमेकांना बांधून जाळी केली गेली आणि तिच्यावर तुकडे लावले. चार वर्षांत त्या भागाची चुनखडी साठवण्याची गती शेजारच्या निरोगी भित्तीइतकी झाली, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. बिघाडाचं कारण सुरुंग होतं, ते थांबलं होतं, म्हणून लावणी यशस्वी झाली.

फ्लोरिडात याच्या उलट घडलं. तिथे सांबरशिंगी प्रवाळांच्या दोन जाती रोपवाटिकांत वाढवून समुद्रात लावण्याचं काम अनेक वर्षं, अनेक संस्थांनी, मोठ्या खर्चाने केलं. २०२३ च्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं, की रोपवाटिकांतले प्रवाळ घाईघाईने उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणावे लागले. समुद्रात राहिलेल्या या दोन जातींच्या वसाहती फ्लोरिडा कीजच्या पट्ट्यात जवळजवळ सगळ्या मेल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या जाती तिथे कार्यदृष्ट्या नामशेष झाल्याचं म्हटलं. म्हणजे काही थोडे जीव उरले असतील, पण भित्ती बांधण्याचं त्यांचं काम संपलं.

यातून मार्ग काढण्यासाठी उष्णता सोसणारे प्रवाळ निवडून त्यांची पैदास करण्याचे प्रयत्न चालू आहेत. हवाईत दिवंगत रूथ गेट्स आणि ऑस्ट्रेलियात मॅडेलीन व्हॅन ऑपेन यांनी या दिशेला चालना दिली. ग्रेट बॅरिअर रीफवर वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, अनेक जातींचे प्रवाळ एकाच वेळी बीजांडं आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. ते गोळा करून, अळ्या वाढवून ओसाड भित्तीवर सोडण्याची पद्धतही तिथे विकसित झाली आहे. हे सगळं मोलाचं आहे, पण त्याचा आवाका बघायला हवा. लावणी मोजली जाते चौरस मीटरांत, फार तर हेक्टरांत. जगातल्या उथळ प्रवाळभित्ती लाखो चौरस किलोमीटरवर पसरलेल्या आहेत.

म्हणूनच विकासाच्या प्रस्तावांतलं ‘प्रवाळांचं स्थलांतर करू’ हे आश्वासन तपासून घ्यायला हवं. मुंबईत १८ लहान वसाहती हलवल्या गेल्या. ग्रेट निकोबारमध्ये गलाथिया उपसागरातल्या बंदरासाठी २०,६६८ वसाहतींपैकी १६,१५० हलवण्याचा प्रस्ताव आहे. वसाहत हलवता येते. तिच्याभोवतीचे मासे, खेकडे, शेकडो वर्षांत घडलेला तळ आणि तिथला प्रवाह हलवता येत नाही. लावणीने मोडलेलं काही प्रमाणात दुरुस्त करता येतं. नव्याने मोडायची मुभा तिच्यातून मिळते, असं समजणं चुकीचं आहे.

आपल्या दाराशी

महाराष्ट्रातले प्रवाळ पोस्टकार्डावरच्या चित्रासारखे दिसत नाहीत. पावसाळ्यात नद्यांचा गाळ आणि गोडं पाणी येतं, उरलेल्या काळातही पाणी धूसर असतं. इथे टिकतात त्या बहुतेक भरीव, सावकाश वाढणाऱ्या, सोशिक जाती. अशा गढूळ पाण्यात प्रकाशाची तीव्रता कमी राहते आणि त्यामुळे उष्णतेचा मार थोडा सौम्य होत असेल का, हा सध्या संशोधकांच्या कुतूहलाचा विषय आहे. तरीही मालवणच्या प्रवाळांत गेल्या दहा-बारा वर्षांत ब्लीचिंग नोंदलं गेलं आहेच.

मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झालं. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि त्याचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या परिसरातला. स्थानिक मच्छीमारांचा त्याला सुरुवातीपासून विरोध राहिला, कारण वहिवाटीचं पाणी हातचं जाईल ही भीती. ती अनाठायी म्हणता येणार नाही. लोकांना बाजूला ठेवून केलेलं संरक्षण कागदावरच राहतं. फिलिपीन्समधल्या आपो बेटावर १९८२ मध्ये गावकऱ्यांनीच सिलिमन विद्यापीठाच्या एंजल अल्काला यांच्या मार्गदर्शनाखाली भित्तीचा एक लहान तुकडा मासेमारीसाठी बंद केला आणि त्याची राखण स्वतः केली. तिथे वाढलेले मासे बाहेरच्या पाण्यात येऊ लागले आणि बेटावरच्या मच्छीमारांनाच त्याचा लाभ झाला. मालवणला हे उदाहरण जास्त जवळचं आहे, कारण इथेही आता पर्यटनाची कमाई स्थानिकांच्याच हातात आहे. नांगर टाकण्याऐवजी बोट बांधायला कायमचे तरंगते बोये, पाण्यात उतरणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा आणि तुटलेली जाळी काढण्याचा नियमित कार्यक्रम, एवढ्याने बराच फरक पडेल.

विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखलं जाणारं आंग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे. त्याचा माथा पृष्ठभागापासून वीसेक मीटर खोल आहे, भोवती कडा खोल उतरतो आणि पाणी किनाऱ्यापेक्षा कितीतरी नितळ आहे. डिसेंबर २०१९ मध्ये तिथे अनेक संस्थांच्या शास्त्रज्ञांची मोहीम गेली आणि समृद्ध प्रवाळक्षेत्राची नोंद झाली. हे ठिकाण राज्याच्या सागरी हद्दीबाहेर असल्याने महाराष्ट्र त्याला अभयारण्य करू शकत नाही. म्हणून २०२० मध्ये राज्याने १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली त्याला संरक्षित दर्जा द्यावा, अशी केंद्राकडे शिफारस करण्याचा निर्णय घेतला. मानवी हस्तक्षेप कमी आणि पाणी खोल, असं ठिकाण आधीच राखून ठेवणं हे मोडल्यावर लावणी करण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडतं.

निकाल

हवामान बदलावरच्या आंतरशासकीय मंडळाने २०१८ मध्ये जे सांगितलं, त्यात फारशी पळवाट नाही. पृथ्वीचं सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाने वाढलं तर उष्ण पाण्यातल्या प्रवाळभित्तींपैकी ७० ते ९० टक्के नष्ट होतील, दोन अंशांनी वाढलं तर ९९ टक्क्यांहून जास्त. दीड आणि दोन यांतला अर्धा अंश म्हणजे प्रवाळांच्या बाबतीत थोडं उरणं आणि काहीच न उरणं यांतला फरक. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळ प्रजातींपैकी ४४ टक्के प्रजातींना नामशेष होण्याचा धोका आहे, असं आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं.

म्हणून दोन कामं एकत्र करावी लागतील आणि एकाच्या नावाखाली दुसरं टाळता येणार नाही. कोळसा आणि तेलाचा वापर वेगाने घटवणं, हे प्रवाळांना उसंत मिळवून देण्याचं काम आहे. त्याला पर्याय नाही. मासे राखणं, सांडपाणी शुद्ध करणं, गाळ रोखणं, नांगर आवरणं, ही ती उसंत वाया जाऊ न देण्याची कामं आहेत. ती सरकार, पंचायत, मच्छीमार सोसायटी आणि पर्यटक आजच करू शकतात.

वाचकाच्या हातात निदान एवढं तरी आहे: मालवण, तारकर्ली, गोवा किंवा अंदमानला पाण्यात उतरलात तर प्रवाळावर उभे राहू नका, त्याला हात लावू नका, माशांना बिस्किटं टाकू नका. ऑक्सिबेन्झोन असलेलं सनस्क्रीन टाळा. हवाई राज्याने २०२१ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, विकत घेऊ नका आणि उचलून आणू नका. तो भारतात गुन्हा आहे. आणि बोटीत बसण्याआधी बोटवाल्याला विचारा, नांगर कुठे टाकणार? चार गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला, तर पाचव्याच्या वेळी तो नांगर वाळूतच पडेल.